खंडागळे बाईंचं ‘अजून नाही’

परवा पाचोडला प्रशिक्षण होतं. नव्या प्रगतिपत्रकाचं. मार्कांचा जमाना गेला, आता पोराला काय काय येतं ते एकेक क्षमता घेऊन लिहायचं, असं मी चाळीसेक शिक्षकांना पडद्यावर चित्रं दाखवून समजावत होतो. अलीकडं अशा ठिकाणी मलाच बोलावतात. तंत्रस्नेही शिक्षक म्हणून तालुक्यात माझं नाव आहे, घरी भिंतीवर तशी एक फ्रेमसुद्धा आहे. सगळं सांगून झाल्यावर “काही शंका?” असं विचारलं, तर मागच्या बाकावरनं एक तरणा मास्तर उठला आणि अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाला, “सर, खरं भरायचं का चांगलं भरायचं?”

हॉल खो खो हसला. मीही हसलो. “खरंच भरायचं की!” असं म्हणालो आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आलो. नळापाशी उभा राहिलो तो पाच मिनिटं माझा पाय आत जाईना. ह्या प्रश्नाचं उत्तर मला एका बाईनं तीन वर्षं रोज डोळ्यांसमोर करून दाखवलं होतं. त्या बाईंचं मी काय केलं, हे त्या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुमन खंडागळे त्यांचं नाव. पाचोडपासून पाच-सहा किलोमीटर आत, मोसंबीच्या बागांमधल्या एका गावात आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, शिक्षक चार. चौथीचा वर्ग बाईंकडं. मी शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो तेव्हा बाईंच्या नोकरीची थोडकीच वर्षं उरली होती. बुटक्या, अंगानं भरलेल्या, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात पांढरे स्पोर्ट शूज. फाट्यावर बस सोडायची, तिथनं गावापर्यंत चालत यायचं, म्हणून शूज. वर्गाच्या दाराशी पोरांच्या चपलांच्या रांगेत ते शूजही नीट जोडीनं लावलेले असायचे. आवाज असा, की बाई पाढे म्हणायला लागल्या की पलीकडच्या बागेत खुरपणाऱ्या बाया तिकडनं साथ द्यायच्या.

पहिल्याच दिवशी मी त्यांना ‘मॅडम’ म्हणालो.

“मॅडम शहरात. इथं बाई म्हण. नाव काय तुझं?”

“कुलकर्णी.”

“म्हंजी दप्तरवाले! लई बरं झालं बाबा. ह्या शाळेला एक कारकून पायजेच व्हता.”

चेष्टा होती, पण खोटी नव्हती. आमच्या घराण्याकडं निजामाच्या काळापासून गावाचं दप्तर. आजोबा मिशीला पीळ देऊन सांगायचे, गावात काय घडलं ते कोण बघतो, कुलकर्ण्यानं लिहिलं तेच खरं. लहानपणी मला त्या वाक्याचा फार अभिमान वाटायचा. आता ते कुणाला सांगत नाही.

बाईंचं माझ्याशी बोलणं दोन तऱ्हेचं. पोरांसमोर ‘सर’ आणि ‘तुम्ही’. पोरं गेली, की ‘अरे बाबा’ आणि ‘तू’. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या टेबलावरच भाकरीचं फडकं सोडायच्या आणि बुक्कीनं कांदा फोडायच्या. आमचे मुख्याध्यापक गायके सर सज्जन माणूस, कुणाला दुखवायचं नाही हाच त्यांचा धर्म. ते हळूच फायली उचलून मांडीवर घ्यायचे. “घ्या गायके, अर्धा कांदा. फायलीला वास लागला तर साहेब लवकर सही करून देतील,” असं बाईंचं चालायचं.

आम्ही बाकीचे शहरातनं कारनं अपडाऊन करायचो. बीड बायपासवर गोळा व्हायचं, आडूळला चहा घ्यायचा, आणि वाटभर बदली, पगार, बदली. बाईंनाही बोलावून बघितलं. म्हणाल्या, “तुमच्या गाडीत नुसते मास्तर असतेत. बसमध्ये माझी पोरं भेटतात.” खरंच होतं. त्या मार्गावरचे दोन कंडक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यातला एक बाईंना तिकीट देताना सुटे पैसे मोठ्यानं मोजून द्यायचा, कारण चौथीत असताना वजाबाकीवरनं त्यानं कान पिळून घेतला होता.

मार्क जाऊन पहिल्यांदा नोंदी आल्या तेव्हा आम्ही सगळे कावलो होतो. प्रत्येक पोराबद्दल वाक्यं लिहायची म्हणजे काय खायचं काम आहे? पण आपल्याकडं प्रत्येक रोगावर औषध निघतं. शहरात नोंदींची तयार पुस्तकंच मिळायला लागली. विषयवार, इयत्तावार वाक्यं छापलेली. ‘स्पष्ट उच्चारात वाचन करतो’, ‘गटकार्यात आनंदाने भाग घेतो’. पुढं तर मोबाइलवरच यायला लागली. मी एका रविवारी बसून सगळा वर्ग उतरवून काढला. अक्षर सुंदर, समासही सोडलेला. दुपारच्या सुट्टीत बाईंनी माझी वही उचलली आणि भाकरी खाता खाता मोठ्यानं वाचायला लागल्या.

“हे बघ. अनिल. ‘परिपाठात उत्साहाने सहभागी होतो.’ बाबा, अनिल कुठं हाय?”

अनिल आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला होता. दिवाळीपासून शाळेत नव्हता.

“तिकडं फडातनंच सहभागी व्हतो का रे तो? उभा राहून म्हनत असंल रोज, उसाला राष्ट्रगीत.”

गायके सरसुद्धा हसले. मी लालबुंद झालो. बाईंनी वही मिटून माझ्यासमोर ठेवली. “चिडू नको. तुझं अक्षर लई गोड हाय. पण येतं का नाय ते पोराला विचारावं, पुस्तकाला काय विचारतो?”

त्यांची स्वतःची वही म्हणजे जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलेलं एक जाडजूड रजिस्टर. ही नोंदीची पद्धत यायच्या कितीतरी आधीपासून त्या तसं लिहीत होत्या. एका पोराला दोन पानं. ‘सोहम – हातचा विसरतो. आठवण दिली की जीभ चावतो.’ ‘अंजुम – वाचते. ओळीवरचं बोट काढलं की थांबते.’ ‘निकिता – पाटीभर मोसंब्या दहा जणींत बरोबर वाटते. कागदावर मांडता येत नाही. भागाकार अजून नाही.’ तीनच शेरे असायचे: आलं, येतंय, अजून नाही. मी एकदा म्हणालो, बाई, सरळ ‘येत नाही’ लिहा ना, तेवढंच सुटसुटीत.

“‘येत नाही’ लिहिलं की वही मिटली. ‘अजून’ लिहिलं, तर आपल्याला उद्या शाळेत यावं लागतं. त्या अजूनचाच पगार हाय आपल्याला.”

आणि हे त्या पोरांपासून लपवत नसत. वही टेबलावर उघडी पडलेली असायची. कुणीही यावं, आपलं पान बघावं. चौथीतली पोरं एकमेकांना बिनदिक्कत सांगायची, “माझं वाचन आलं, पण गुणाकार येतंय वर हाय.” कुणाला त्यात कमीपणा वाटलेला मी बघितला नाही.

एकदा एका पोराचा बाप आला. तावातावात. हातात ते बिनमार्कांचं प्रगतिपत्रक.

“बाई, हे काय लिवलंय? ‘वाचन आले.’ आले म्हंजी किती मार्क? शेजारच्या इंग्लिस शाळेत टक्के देतेत.”

“बसा. घरी औषधाची बाटली आहे ना, कपाशीवर फवारायची? पोराला तिच्यावरचं सगळं वाचायला लावा. उद्या या, मार्क सांगते.”

दुसऱ्या दिवशी माणूस आला तो एकदम थंड. दारातच उभा राहिला. “बाई, पोरगं वाचलं. ‘लहान मुलांपासून दूर ठेवावे’ म्हनलं. आन्‌ मी इतके दिस त्याच्याच हातानं बाटली आनवीत व्हतो.”

“मग? किती मार्क देता?”

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि हसत निघून गेला. सांगायचा मुद्दा, आमच्यात ही नवी पद्धत मनापासून आवडलेली एकटी खंडागळे बाईच होती. आम्ही बाकीचे तिला रोज शिव्या घालायचो आणि सगळे रकाने भरून द्यायचो. बाई तिचं कौतुक करायच्या आणि जिथं पोराला येत नाही तिथं रकाना तसाच ठेवायच्या.

मग ते सगळं मोबाइलवर आलं. प्रत्येक पोराच्या नावासमोर प्रत्येक क्षमता. ‘प्राप्त’ किंवा ‘अप्राप्त’. ज्याच्यापुढं अप्राप्त, त्याचं नाव आपोआप जादा वर्गाच्या यादीत जायचं, त्याच्यासाठी वेगळी पुस्तिका यायची, त्याच्याकडं वेगळं लक्ष द्यायचं. कल्पना चांगलीच होती. शाळेचं लॉगिन माझ्याकडं. बाई आपलं रजिस्टर माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, “जसं हाय तसं भर, बाबा.” मीही जसं होतं तसं भरायचो. इतका विश्वास माझ्यावर माझ्या बापानंही टाकला नव्हता.

त्या वर्षी तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर याद्या यायला लागल्या. ज्या शाळेची सगळी पोरं प्राप्त, ती हिरवी. बाकीच्या लाल. हिरव्या शाळांचं अभिनंदन, टाळ्या, फुलं. आमची शाळा लाल, आणि लाल कशामुळं, तर बाईंच्या वर्गातल्या सहा नावांमुळं. गायके सरांना रोज फोन. बिचारे फोन आला की खुर्चीतनं उठून उभेच राहायचे.

एका शनिवारी दुपारी बाई रजेवर होत्या, त्यांच्या नणंदेकडं दुःखद घटना घडली होती. शाळा सुटलेली. कार्यालयात मी आणि गायके सर. पुन्हा फोन आला. संध्याकाळपर्यंत लाल राहिलेल्या शाळांची नावं वर जाणार. सरांनी फोन ठेवला, रुमालानं मान पुसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “कुलकर्णी, बघा काही होतंय का.”

एवढंच. ‘बदला’ असं ते म्हणाले नाहीत. तेव्हा त्यांच्यावर ढकलायची सोय नाही. मला काही महिन्यांत कायम व्हायचं होतं, सरांचा अहवाल लागणार होता, आणि बाहेर कारवाले हॉर्न वाजवत होते. मी मोबाइल काढला. सहा नावं. अप्राप्त, प्राप्त. अप्राप्त, प्राप्त. निकिताचा भागाकार मी असा एका अंगठ्यानं आणला. अंजुमचं वाचनही. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. संध्याकाळी शाळा हिरवी झाली आणि गटावर फुलं आली. मी त्या फुलांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

सोमवारी बाई आल्या. मी काही बोललो नाही. त्या मोबाइलकडं कधी बघायच्याच नाहीत.

महिन्याभरानं पडताळणीला तालुक्याहून एक साहेब आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. हातात टॅब. चौथीच्या वर्गात शिरले, यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, “निकिता कोण? ये बाळ. बहात्तर भागिले सहा कर.”

निकिता उठली. दोन वेण्या, लाल रिबिनी. फळ्यावर आकडे मांडले, भागाकाराची रेघ ओढली आणि खडू तसाच टेकवून उभी राहिली. मी दारात होतो. पाठीमागनं तिच्या फ्रॉकची गाठ दिसत होती, ती हलत होती.

“साहेब, तिला मांडणी अजून येत नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “वाटता येतं. महिनाभरात येईल.”

“अहो, तुम्हीच प्राप्त लिहिलंय ना?”

“नाही साहेब.”

साहेबांनी टॅब त्यांच्यापुढं धरला. बाईंनी चष्मा लावून बघितलं. तेवढ्यात निकिता वळली. डोळ्यांत पाणी, पण आवाज बाईंसारखाच खणखणीत. “साहेब, माझं अजून नाय हाय. बाईंच्या वहीत बगा. मी रोज बगते.”

वही टेबलावरच होती. कॅलेंडरचं कव्हर, हाताच्या अंतरावर. बाईंनी टॅबवरनं नजर उचलली आणि थेट दाराकडं बघितलं. माझ्याकडं. मी मान खाली घातली आणि दाराशी लावलेल्या त्या पांढऱ्या शूजकडं बघत राहिलो. मग बाईंनी रजिस्टर उचललं, मिटलं आणि खणात ठेवून दिलं.

“वर्ग माझा आहे, साहेब. नोंदीची जबाबदारी माझी.”

आठ दिवसांत नोटीस आली. चुकीची माहिती भरून प्रशासनाची दिशाभूल केली, याबाबत खुलासा सादर करावा. आख्ख्या तालुक्यात खोटी नोंद न करणारी एकच बाई होती, आणि नोटीस निघाली ती तिच्याच नावानं. ‘मी केलं’ हे दोन शब्दही माझ्या तोंडातनं निघेनात. आणि पुढचं सांगायला तर जीभच रेटत नाही. गायके सर म्हणाले, “कुलकर्णी, तुमची भाषा चांगली आहे. बाईंना खुलासा टाइप करून द्या.”

आणि मी दिला. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, सदर नोंदी माझ्याकडून नजरचुकीने झाल्या असून...’ एकही चूक नाही. समास सोडलेला. माझं पाप मी शुद्ध मराठीत बाईंच्या नावावर चढवलं. आजोबा असते तर खूश झाले असते.

बाईंनी कागद वाचला. “नजरचुकीने. चांगला शब्द काढलात, सर.”

कार्यालयात आम्ही दोघंच होतो. पोरं गेलेली. तरी ‘सर’ आणि ‘काढलात’.

मी कसंबसं म्हणालो, “बाई, तुम्ही वही दाखवायला पाहिजे होती.”

“वही दाखवली असती, तर पुढचा प्रश्न आला असता, लॉगिन कुणाकडं असतं. तुमचं कायम व्हायचंय अजून, सर.” त्यांनी सही केली, तारीख घातली. “माझं काय, माझं सगळं होऊन गेलंय.”

त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईनं शेरा पडला. इतक्या वर्षांच्या नोकरीतला पहिला. दोन महिन्यांनी मी कायम झालो. शाळेत पेढे वाटले. बाईंनी पेढा घेतला, पोरांसमोर खाल्ला, “अभिनंदन, सर,” म्हणाल्या. ओरडल्या असत्या, चार माणसांत माझी इज्जत काढली असती, तर मी सुटलो असतो. त्यांनी तेवढंही दिलं नाही. एकदा फाट्यावर त्या एकट्या बसची वाट बघत होत्या, तेव्हा कार थांबवून उतरलो. “बाई, मला एक...” एवढं बोललो आणि त्या म्हणाल्या, “बस आली, सर.” खरोखरच आली होती. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

सहा पोरं प्राप्त झाली होती, त्यामुळं जादा वर्गाच्या यादीत आमच्या शाळेचं एकही नाव नव्हतं. पुस्तिका आल्या नाहीत. बाई मात्र शाळा सुटल्यावर त्या सहा जणांना घेऊन ओट्यावर बसायच्या. मोसंब्या, काड्या, जुनी वर्तमानपत्रं. त्यांची चारची बस चुकायची, मग साडेपाचची. मी खिडकीतनं बघायचो. हॉर्न वाजला की निघायचो.

मे अखेरीस बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडं. ‘प्रामाणिकपणाचा दीपस्तंभ’ असं काहीतरी मी माइकवर बोललो. शाल झाली, नारळ झाला. बाई उत्तराला उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं आता रडतील.

“सहापैकी चौघांना आलं,” बाई म्हणाल्या. “निकिताचा भागाकार आन्‌ अंजुमचं वाचन, दोन्ही अजून नाही. पाचवीच्या मास्तरांना कुणीतरी सांगा.”

आणि खाली बसल्या. लोकांना वाटलं, बाई वयापरत्वे काहीतरीच बोलतात. टाळ्या झाल्या. पाचवीच्या मास्तरांना मी सांगितलं नाही. काय सांगणार होतो? त्यांच्या मोबाइलवर दोघीही हिरव्या होत्या.

त्यानंतर दोन वर्षांनी बाई मला शहरात, क्रांती चौकात दिसल्या. भर दुपार, रिक्षावाल्यांचा गलका, “स्टेशन, स्टेशन, चलो बाजी!” त्या गर्दीत पांढरे शूज आधी दिसले. मी नजर चुकवून पलीकडं व्हायच्या बेतात होतो, इतक्यात हाक आली.

“अरे ए कुलकर्णी! थांब की, बाबा!”

दोन वर्षांपूर्वी बंद झालेला तो ‘बाबा’. मी वळून उभा राहिलो. बाई हातातली पिशवी सांभाळत रस्ता ओलांडून आल्या. घामाघूम, चेहरा फुललेला.

“बरं झालं भेटलास. तुलाच सांगायचं व्हतं. निकिताला भागाकार आला!”

मी त्यांना रिक्षांच्या वाटेतनं बाजूला घेतलं.

“मी जाते ना, दर बाजारच्या दिवशी पाचोडला. तिची आई माळवं घिऊन बसती, पोरगी मदतीला असती. बसतो आम्ही तिथंच पोत्यावर. अरे, पाचवीला गेली तर मास्तर म्हनले, हिला सगळं येतं असं लिहिलंय, मग ही करत कशी नाय? आळशी हाय. रोज उभं करायचे. पोरगी शाळा सोडाया निघाली व्हती. म्हनलं, थांब. दोन वर्षं गेली, पण मागल्या बाजारला तीन अंकी मांडला तिनं, माझ्यासमोर, बाकीसकट!” मग त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. “तू भरलं व्हतं ना? ते आता खरं झालं, बाबा.”

दोन वर्षं. निवृत्तीनंतरची दोन वर्षं ही बाई एसटीच्या लाल डब्यात बसून पाचोडला जात होती, माझी खोटी नोंद खरी करायला.

“बाई, मी...”

“राहू दे. आता अंजुमचं राहिलंय तेवढं. तिच्या आईचं बांगड्यांचं दुकान असतं बाजारात. बोट काढलं की अजून थांबती ती. माझे डोळे आता लई साथ देत नाहीत, बारीक अक्षर दिसत नाय. तिचं तू कर की. ते पन तूच भरलंय.”

“येतो, बाई,” मी म्हणालो. “नक्की येतो.”

“ये. बाजारच्या दिवशी.” त्यांनी पिशवीतनं एक मोसंबी काढून माझ्या हातात दिली आणि रिक्षात चढून गेल्या.

ह्याला काही महिने झाले. कितीतरी बाजार होऊन गेले. कधी पाहुणे, कधी बैठक, कधी नुसतंच ‘पुढच्या वेळी’.

परवाच्या प्रशिक्षणाचा दिवस पाचोडच्या बाजाराचाच होता. नळापासनं मी शेवटी आत गेलो, उरलेली चित्रं दाखवली, टाळ्या घेतल्या. संपल्यावर सोबतचे मास्तर गाडी काढायला गेले आणि मी बाजारातनं चालत निघालो. बांगड्यांच्या दुकानापाशी पोचायच्या आधीच बाई दिसल्या. उलट्या घातलेल्या एका कॅरेटवर बसल्या होत्या. शेजारी हिरव्या ओढणीतली एक मोठी मुलगी, अंजुमच ती, सातवीत असेल आता. पुढ्यात वर्तमानपत्राचा कागद. बाईंनी तिचं बोट ओळीवरनं उचलून आपल्या मुठीत धरलं होतं.

पोरगी वाचत होती. चार शब्द, पाच शब्द. मग थांबली. बाईंनी पुढचा शब्द सांगितला नाही. सांगता आलाही नसता, चष्म्याआडनं त्या डोळे बारीक करून कागदाकडं नुसत्या बघत होत्या. दोघी थांबून राहिल्या. तो शब्द सांगायला तिथं कुणीतरी हवं होतं.

मी रसाच्या गाड्याआड उभा होतो. पंधरा पावलांचं अंतर असेल. जाऊन त्यांच्या शेजारी बसायचं, एवढंच होतं. गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा.

मी गाडीत जाऊन बसलो.